नव्या वाणाची जोखीम कोणी उचलायची?

रायपूरच्या समता कॉलोनीतील किराणा दुकानात तांदूळ नुसता ‘तांदूळ’ म्हणून मागितला जात नाही. गिऱ्हाईक नाव घेऊन मागते : दुबराज, जवाफूल, श्रीराम, एचएमटी. सणासुदीला सुवासिक दुबराज आणि रोजच्या वरणभातासाठी बारीक दाण्याचा, मऊ शिजणारा एचएमटी, असा परिपाठ येथील अनेक घरांत आढळतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या प्रदेशात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या ताटातही तोच भात असतो. मात्र एचएमटी ही तीन अक्षरे कोणत्याही संशोधन केंद्राने दिलेली नाहीत. नाव आले मनगटी घड्याळावरून आणि तांदूळ आला चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड या लहानशा गावातून.

त्या तांदळाचे जनक दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या वाणाच्या उभ्या पिकात त्यांना काही निराळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढून जपून ठेवल्या, पुढील हंगामात काट्यांचे कुंपण घालून वेगळ्या पेरल्या आणि पुढे दरवर्षी निवड करीत वाण स्थिर केले. १९९० च्या सुमारास एका मोठ्या शेतकऱ्याने ते बी नेऊन पेरले. उत्पादन भरघोस आले, पण तळोधीच्या बाजारात या धानाला नावच नव्हते. तेव्हा एचएमटीची घड्याळे घरोघरी लोकप्रिय होती. व्यापाऱ्याने तेच नाव धानाला दिले. त्या घड्याळांचे कारखाने बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. तांदळाचे नाव मात्र विदर्भापासून छत्तीसगडपर्यंत टिकून आहे.

१९९८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केले आणि मूळ शोधाच्या श्रेयावरून पुढे बराच वाद झाला. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचा समावेश केला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत आर्थिक ओढगस्तीने त्यांची पाठ सोडली नव्हती. ज्याच्या शोधातून असंख्य शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना चार पैसे मिळाले, त्याच्या स्वतःच्या घरात त्यातले फारच थोडे आले.

अल्पभूधारक शेतकरी नवे वाण स्वीकारायला कचरतो, तो परंपरेला चिकटून बसतो, त्याचे प्रबोधन केले पाहिजे, असे कृषीविषयक परिसंवादांत आजही ऐकू येते. दादाजींचे उदाहरण या समजुतीला छेद देते. दीड एकराचा धनी नवे वाण केवळ स्वीकारतो असे नव्हे, तर ते घडवूही शकतो. त्याच्याजवळ उणीव ज्ञानाची नाही. उणीव आहे ती प्रयोग फसला तर तो पचवण्याच्या ताकदीची. म्हणून सुधारित वाणांच्या प्रसाराचा प्रश्न हा मुळात जोखमीच्या वाटणीचा प्रश्न आहे, आणि जोखीम हा तर बँकेच्या व्यवसायाचा गाभाच होय.

धानाच्या कटोऱ्यातील श्रीमंती

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. ही उपाधी केवळ उत्पादनामुळे मिळालेली नाही. १९६० च्या दशकात कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालक असलेले डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांनी परदेशी बुटक्या वाणांची घाईने आयात करण्यास विरोध केला आणि त्याची किंमत पद गमावून मोजली. पुढे १९७० च्या दशकात रायपुरात काम करताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून भाताचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. त्या पायावर उभा राहिलेला इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचा संग्रह आज २३ हजारांच्या पुढे गेला असून तो जगातील मोठ्या भातसंग्रहांपैकी एक मानला जातो. हा संग्रह प्रयोगशाळेत जन्मला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी लोंब्या निवडून कणग्यांत जपल्या, त्या शेतकऱ्यांची ती ठेव आहे.

असे असूनही आज शिवारात मोजकीच वाणे दिसतात. त्यांत अग्रभागी आहे आंध्र प्रदेशातील मारुतेरू केंद्राने १९८२ मध्ये दिलेले ‘स्वर्णा’. त्यानंतर ‘एमटीयू १०१०’, आणि रायपूरच्याच विद्यापीठाने दिलेले, पोह्यांसाठी नावाजलेले जाड दाण्याचे ‘महामाया’. चाळीस वर्षांहून जुने ‘स्वर्णा’ अद्याप का हटत नाही, असा प्रश्न शास्त्रज्ञांना पडतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. त्याचा स्वभाव ठाऊक आहे. किती दिवसांत निसवते, किती पाण्यात तग धरते, कोणत्या खताला किती मान देते आणि खरेदी केंद्रावर अडवले जात नाही, हे सारे अनुभवाने पक्के झाले आहे. नव्या वाणाजवळ जाहिरात असते, अनुभव नसतो.

एका गावात चार जमिनी

बाहेरून पाहणाऱ्याला भाताचे शेत सगळीकडे सारखेच वाटते. छत्तीसगडचा शेतकरी मात्र जमिनीला भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा चार नावांनी ओळखतो. उंचावरच्या मुरमाड भाट्यावर पाणी ठरत नाही; तेथे शंभर-एकशे दहा दिवसांत हाती येणारे वाणच हवे. सखल, काळ्या कन्हारात ओल उशिरापर्यंत राहते. तेथे एकशे चाळीस दिवसांचे वाण निर्धास्त पिकते. दोन एकरांच्या धन्याची जमीनसुद्धा अनेकदा दोन-तीन प्रकारच्या तुकड्यांत विखुरलेली असते. त्याला एक ‘सर्वोत्तम वाण’ देऊन भागत नाही.

पेरणीची पद्धतही विचारात घ्यावी लागते. रोवणीसाठी मजूर आणि हमखास पाणी लागते. ज्यांच्याकडे ते नाही, ते बी फेकून पेरतात आणि महिनाभराने साचलेल्या पाण्यात उभ्या पिकावरून हलका नांगर फिरवतात. यास बियासी म्हणतात. रोवणीच्या चोख वाफ्यांत तपासलेले वाण बियासीत तसेच वागेल याची खात्री नसते. शिवाय करगा नावाचे रानटी धान पिकात मिसळते, आणि लोंबी येईपर्यंत ते ओळखू येत नाही. यावर तोडगा म्हणून जांभळ्या पानांचे ‘श्यामला’ हे वाण काढण्यात आले. शेतातले हिरवे रोप दिसले की ते करगा समजून उपटायचे. शेतकऱ्याच्या अडचणीतून सुरुवात केली की संशोधन कसे उपयोगी पडते, याचा हा सुंदर नमुना आहे.

बुटक्या वाणांनी दाणा वाढवला, पण तणस कमी केली. ज्याच्या दारात बैलजोडी आणि दोन गाई आहेत, त्याच्या हिशेबात तणसही उत्पन्नच असते. भात सकाळचा उरला तर संध्याकाळी कसा लागतो, बासी म्हणून पाण्यात घालून खाल्ला तर पोटाला किती आधार देतो, हेही घरातली स्त्री पाहते. प्रति हेक्टरी क्विंटलच्या तक्त्यात या गोष्टींना रकाना नसतो.

जोखमीचे गणित

आता एक साधे गणित मांडून पाहावे. उदाहरणादाखल, कोरडवाहू दोन एकरांचा धनी नेहमीच्या वाणातून एकरी १५ क्विंटल, म्हणजे एकूण ३० क्विंटल धान काढतो असे समजू. छत्तीसगडात २०२३-२४ च्या हंगामापासून मिळत असलेल्या क्विंटलमागे ३,१०० रुपये दराने त्याचे ९३,००० रुपये होतात. नवे वाण एकरी २ क्विंटल अधिक देणार असेल, तर वर्षाला १२,४०० रुपये वाढतील. पण एखाद्या वर्षी ते वाण त्या जमिनीला मानवले नाही आणि पीक निम्म्यावर आले, तर ४६,५०० रुपये बुडतील. म्हणजे जवळजवळ चार चांगल्या वर्षांची कमाई एका वाईट वर्षात धुऊन जाते. आणि ते वाईट वर्ष पहिलेच असले तर? पन्नास एकरांचा धनी ते पचवतो. दोन एकरांच्या धन्याला पीककर्ज थकवावे लागते किंवा सावकाराचा उंबरठा झिजवावा लागतो.

‘पीक विमा आहे ना?’ असे कोणी विचारील. २०१६ पासून लागू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरिपाच्या अन्नधान्य पिकांसाठी शेतकऱ्याला विमा रकमेच्या जास्तीत जास्त दोन टक्के हप्ता भरावा लागतो, ही निश्चितच दिलासा देणारी गोष्ट आहे. परंतु हंगामाअखेरची भरपाई ही ठरवून दिलेल्या क्षेत्राच्या सरासरी उत्पादनावर काढली जाते. सर्वांचे ‘स्वर्णा’ उत्तम पिकले आणि एकाचेच नवे वाण फसले, तर विम्याच्या लेखी नुकसान झालेलेच नसते. विम्याला गावाची सरासरी कळते. एका बांधीतले दुःख कळत नाही. म्हणजे गावात सर्वप्रथम प्रयोग करणारा, ज्याच्या अनुभवावर पुढे सारे गाव शहाणे होणार, तोच सर्वांत असुरक्षित राहतो.

निर्धास्तपणाचे मोल

जोखीम कमी केली की काय घडते, याचे प्रत्यक्ष उत्तर शेजारच्या ओडिशाने दिले आहे. तेथील ‘एफआर १३ ए’ या पारंपरिक वाणात पाण्याखाली तग धरण्याचा गुण होता. तो गुण ‘स्वर्णा’त आणून तयार झालेले ‘स्वर्णा-सब १’ भारतात २००९ मध्ये प्रसारित झाले. सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही ते पुन्हा उभे राहते आणि पूर न आल्यास ‘स्वर्णा’इतकेच पिकते. ओडिशातील पूरप्रवण खेड्यांत काही शेतकऱ्यांना या बियाण्याच्या पाच-पाच किलोंच्या पिशव्या देऊन अभ्यासकांनी पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या हाती हे वाण आले, त्यांनी खताचा वापर वाढवला, अधिक जमीन लागवडीखाली आणली, मेहनतीची रोवणी वाढवली आणि कर्जाचा उपयोगही अधिक केला. पीक बुडणार नाही, हा भरवसा मिळताच पैसा गुंतवण्याची इच्छा आपोआप जागी झाली. पुराचे पाणी साचणाऱ्या सखल जमिनी बहुधा दुर्बल समाजघटकांच्या वाट्याला आलेल्या असल्याने या वाणाचा लाभही त्यांना अधिक होतो, असे दुसऱ्या एका अभ्यासात आढळले.

२०१० मध्ये हजारीबागच्या केंद्रातून आलेले, अवर्षणात तग धरणारे ‘सहभागी धान’ही याच जातकुळीचे. त्याच्या निवडीत शेतकऱ्यांना सहभागी करून घेतले होते, म्हणून तसे नाव. या दोन्ही वाणांचे वैशिष्ट्य असे की, ती चांगल्या वर्षात चमत्कार घडवण्याचे आश्वासन देत नाहीत. वाईट वर्षात घर सावरण्याचे देतात. अल्पभूधारकाला हवे असते ते हेच.

बियाण्याची वाट

भात हे स्वपरागीभवन करणारे पीक आहे. त्यामुळे सुधारित वाणाचे बी एकदा घेतले की तीनेक वर्षे घरचेच वापरता येते. संकरित वाणाचे तसे नाही. ते दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. केवळ छापील नाममुद्रेखाली ते विकता येत नाही. दादाजींच्या एचएमटीने जी मजल मारली, ती याच हातोहात देवघेवीच्या जोरावर.

परंतु या वाटेलाही मर्यादा आहेत. ओडिशातील खेड्यांतच असे दिसून आले की, शेतकऱ्या-शेतकऱ्यांतली बियाण्याची अदलाबदल बहुधा भाऊबंद आणि जातगोत यांच्या वर्तुळात फिरते. तेच बी घरोघर जाऊन विकायला ठेवले, तेव्हा ते कितीतरी अधिक घरांनी घेतले. याचा अर्थ, बी मागायलाही ओळख लागते, आणि ज्याची ओळख कमी त्याच्यापर्यंत ते उशिरा पोहोचते. तेव्हा ‘गावात दोघांना दिले, पुढे आपोआप पसरेल’ या भरवशावर राहणे योग्य नव्हे.

भाव आणि चव

छत्तीसगडने हमीभावाने खरेदीची जी भक्कम व्यवस्था उभारली, तिचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. २०२३-२४ मध्ये राज्यात सुमारे १४५ लाख टन धान खरेदी झाले. एकरी २१ क्विंटलपर्यंत निश्चित दराने खरेदी होणार, या खात्रीने शेतकऱ्याची भावाची चिंता मोठ्या प्रमाणात मिटवली. परंतु या व्यवस्थेत जाड धान आणि सुवासिक धान यांच्या मोबदल्यात फारसा फरक पडत नाही. मग उंच वाढणारा, वाऱ्याने लोळणारा, उशिरा येणारा आणि कमी पिकणारा दुबराज कोणी का लावावा? समता कॉलोनीतील गृहिणीला जो दुबराज पूर्वीसारखा दरवळत नाही असे वाटते, त्याचे एक कारण या हिशेबात दडलेले असू शकते.

यावरही मार्ग निघत आहेत. सरगुजाच्या जीराफूलला २०१९ मध्ये आणि नगरीच्या दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि रायपूरच्या कृषी विश्वविद्यालयाने मिळून दुबराज, सफरी यांसारख्या जुन्या वाणांची उंची आणि कालावधी कमी करून नवी वाणे सिद्ध केली. जुने टाकून नवे घेणे हाच सुधारणेचा एकमेव अर्थ नाही. जुन्यातले सोने राखून त्यातील उणीव दूर करणे हीदेखील सुधारणाच होय. तथापि मानांकनाचा कागद हाती आला म्हणून ग्राहक दारात येत नाही. साठवण, सफाई, बांधणी आणि विक्री यांसाठी भांडवल लागते, आणि ते वेळेवर लागते.

बँकेचा वाटा

येथे बँकेची भूमिका सुरू होते. १९९८ मध्ये आलेल्या किसान क्रेडिट कार्डाने पीककर्ज सुलभ केले, यात शंका नाही. पण कर्जाच्या कागदपत्रांत सहसा पीक म्हणून केवळ ‘धान’ एवढेच लिहिले जाते. ते कोणते वाण, किती दिवसांचे, कोणत्या जमिनीत, हे विचारण्याची पद्धत नाही. वाण कळले तर काढणी केव्हा होणार, पैसा केव्हा येणार आणि त्यानंतर हरभरा वा लाखोळी घेता येणार की नाही, याचा अंदाज शाखेला बसतो. एका प्रश्नाने कर्जाची गुणवत्ता तपासण्याचे इतके स्वस्त साधन दुसरे नसेल.

दुसरी गोष्ट सल्ल्याची. नवे वाण संपूर्ण क्षेत्रावर लावण्याचा आग्रह कोणीही धरू नये. छत्तीसगडात शंभर डिसमिलांचा एक एकर होतो. त्यातील दहा डिसमिल प्रयोगासाठी राखावेत. फसले तर घर बुडत नाही, साधले तर पुढच्या वर्षाचे घरचे बी तयार होते. दादाजींनी काट्यांच्या कुंपणात नेमके हेच केले होते. अशा तुकड्यावरील नुकसानापुरती परतफेडीत सवलत देण्याची तरतूद बँकांनी आखली, तर तिचा भार नगण्य असेल आणि गावाला मिळणारा धडा मोलाचा असेल. गावासाठी धोका पत्करणाऱ्याला एकट्याने तो सोसायला लावणे न्यायाचे नाही आणि व्यवहाराचेही नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. मृग लागल्यानंतर मंजूर झालेले कर्ज चांगल्या बियाण्याच्या उपयोगी पडत नाही. तोवर मिळेल ते बी शेतात पडलेले असते. आणि चौथी गोष्ट, बियाणे तयार करणाऱ्यांना पतपुरवठा. महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी गावातच बियाणे तयार करायचे ठरवले, तर चाळणी यंत्र, कोरडे कोठार आणि एका हंगामाचे खेळते भांडवल एवढीच त्यांची गरज असते. सुवासिक धान साठवून योग्य भावाने विकण्यासाठी गोदाम पावतीवरील कर्जाचाही अधिक उपयोग करता येईल.

यावर कोणी म्हणेल, बँक ही काही धर्मादाय संस्था नव्हे. ठेवीदारांचा पैसा जपणे हे तिचे पहिले कर्तव्य आहे. ते खरेच आहे. समता कॉलोनीसारख्या वसाहतींतील निवृत्त कर्मचारी, व्यापारी आणि गृहिणी यांच्या ठेवींतूनच गावातले कर्ज उभे राहते. पण म्हणूनच वाणाचा विचार बँकेने करायला हवा. वाईट वर्षातही निम्म्याहून अधिक पीक हाती राहिलेला शेतकरी हप्ता चुकवत नाही, आणि निर्धास्त झालेला शेतकरी पुढच्या वर्षी अधिक जबाबदारीने कर्ज घेतो. ठेवीदाराची सुरक्षितता आणि दोन एकरांची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

ठेवीदार ज्या ताटात रोज भात वाढून घेतो, त्या भातामागे कोणीतरी, केव्हातरी, नव्या लोंबीवर आपली वर्षभराची भाकर पणाला लावलेली असते. दादाजी खोब्रागडे यांनी ती एकट्याच्या बळावर लावली. त्यांच्यानंतरच्या शेतकऱ्याला ती एकट्याने लावावी लागू नये, एवढी व्यवस्था आता जमायला हरकत नाही.